आधी कुणाचं टोक

पुलाचा साहेब आमच्या अंगणात आला तेव्हा नाव काठावर ओढून पालथी घातली होती. मी फळ्यांच्या भेगांत चिंध्या ठासत होते आणि आमचे हे चुलाणावर डांबर तापवत होते. साहेब म्हणजे काय, काल-परवा मिसरूड फुटलेला पोरगाच. डोक्यावर पिवळी टोपी, पायात चिखलानं जड झालेले बूट. पण बोलायला चांगला. उभ्या उभ्या घामाघूम झाला होता, म्हणून मी त्याला पाणी दिलं.

पाणी पिऊन तो म्हणाला, "काका, पूल तुमच्या डोक्यावरून जाणार. तुमचं गाव खाली राहणार आणि पलीकडचंही खालीच. वर चढायचं तर तुम्हाला फाट्यापर्यंत जावं लागेल आणि पलीकडेही तसंच फाट्यावरून मागं यावं लागेल."

"ते दिसतंय की," हे म्हणाले.

"तर मी वरती बोललोय. दोन्ही काठांना एकेक जिना देता येईल. इकडचा खांब तुमच्या परसात आहे आणि तिकडचा पलीकडच्या दोरवाल्यांच्या परसात. दोघांनी थोडी थोडी जागा सोडली तर काम होऊन जाईल. पण दोन्ही जिने झाले पाहिजेत. एकच करून माणूस चढेल आणि वर बसून राहील."

त्यानं चुन्याची एक गोणी आमच्या ओट्याला टेकवून ठेवली. जागा आमची, तेव्हा कुठून कुठवर द्यायची ते आम्ही आमच्या हातानं रेघ मारून दाखवायचं. त्याची यंत्रं इथून हलायच्या आत.

मला तर तेव्हाच उठून रेघ मारावीशी वाटली. यांनी मात्र काठीनं डांबर ढवळलं आणि विचारलं, "पलीकडं रेघ झाली का?"

"त्यांनाही गोणी दिलीय."

"मग आधी त्यांची होऊ द्या."

झालं! हे आता लांबणार, ते मला तिथंच कळलं. साहेबाला त्यात काही वाटलं नाही, तो बरं म्हणून निघून गेला. त्या बिचाऱ्याला काय माहीत.

आमच्याकडची रीत अशी, की नाव आमच्या घराची आणि दोर पलीकडच्या घराचा. नदीवरून आडवा ताणलेला जाड दोर, त्याला कडीनं अडकवलेली नाव आणि नावेत उभं राहून हातानं दोर ओढत पलीकडे जायचं. वल्ह्यावर भरवसा ठेवला तर धार नाव कुठं नेऊन घालेल सांगता येत नाही. पलीकडचा काठ उंच, खडकाचा, तिथं दोरवाल्यांचा खुंटा. आमचा काठ सखल, तिथं दोर ताणायचा लाकडी रहाट. दोर लावताना आधी तिकडचं टोक खुंट्याला जायचं, मग आम्ही इकडून ताण द्यायचा. काढताना उलटं. आधी आम्ही ताण सोडायचा, मग त्यांनी खुंट्यावरून काढायचा. यात कुणी घाई केली तर आख्खा दोर पाण्यात जातो आणि नावेतली माणसं पण. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलं आणि त्यावरून कधी कुणाचा शब्द वाढला नाही.

आणि ते दोरवाल्यांचं घर म्हणजे माझं माहेर. खुंट्याजवळ खेळून मी मोठी झाले, आणि लग्न करून दोराच्या दुसऱ्या टोकाला आले. लोक म्हणायचे, पोरगी दिली आणि दोर पण गाठीला बांधून ठेवला. हसायचे. मला तेव्हा बरं वाटायचं.

मग ते प्रकरण झालं. काही मोठं नव्हतं हो, सांगायला लाज वाटते. भर बाजाराच्या दिवशी नाव पलीकडे लागत होती. दोराला कसा कोण जाणे हिसका बसला आणि हे उभ्याचे आडवे पाण्यात गेले. पाणी गुडघाभर. उठले तर डोक्यावर शेवाळ, तोंडात चिखल आणि नाकातून बुडबुडे. माझा दादा खुंट्याशी उभा होता. तो इतका हसला, इतका हसला, की पोट धरून खाली बसला. वर म्हणाला, "नावाड्या कसला, बुडबुड्या!" नावेतले लोक हसले, काठावरचे हसले. यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, दोर तू मुद्दाम हलवलास. दादा म्हणाला, तुला उभं राहता येत नाही त्याला मी काय करू.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आणि बुडबुड्या हे नाव तर असं चिकटलं की पोरासोरांच्या तोंडी गेलं. अजून लोक यांच्या माघारी तेच म्हणतात. यांनी शपथ घातली, त्या काठावर पाऊल ठेवणार नाही. नाव लावायची, माणसं उतरवायची, पण स्वतः खाली उतरायचं नाही. दादाही तसलाच, फळी टाकेल, नाव ओढून बांधेल, पण नावेत पाय ठेवणार नाही. दोघांच्या मध्ये हातभर अंतर आणि मध्ये मी. "सांग तुझ्या भावाला, फळी सरळ टाक म्हणावं." "सांग तुझ्या नवऱ्याला, डोळे उघडे ठेव म्हणावं." दोघांनाही ऐकू आलेलं असायचं. तरी मी सांगायचे. सांगितलं नाही तर नाव तशीच उभी राहायची.

मी रोज जायचे ते आबांसाठी. माझे वडील. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. अंगानं थोराड माणूस, जन्मभर दोर ओढलेला, तो लाकडासारखा खाटेवर पडला. रात्री वहिनी बघायची. दिवसा ती शेतात, आणि तिचीही पाठ धरलेली. म्हणून इकडची कामं उरकून मी दुपारच्या पहिल्या नावेनं जायचे. आबांना कुशीवर घ्यायचं, पाठीला तेल लावायचं, ओलं बदलायचं, मऊ भात कालवून डाव्या गालात भरवायचा, उजव्या गालात राहिलेलं बोटानं काढायचं. नखं वाढली की कापायची. लहान मूल परवडलं, ते निदान उचलता येतं. दिवस मावळायच्या आत शेवटच्या नावेनं परत. माझ्या आयुष्यात यापेक्षा जास्त मी काही मागत नव्हते. जिना झाला असता तर नावेची वाट बघायचीही गरज नव्हती. चढले, चालले, उतरले.

दुसऱ्या दिवशी दादाला म्हटलं, "रेघ कधी मारतोस?"

दादा खुंट्याला पाठ लावून बसला होता. म्हणाला, "त्यांनी मारली का?"

"ते म्हणतात आधी तुम्ही."

"ते का म्हणून? जिना आला की नाव बंद, दोर बंद. म्हणजे हा दोर काढायचा प्रकार झाला. काढताना आधी कुणाचं टोक? त्यांचं. आधी त्यांनी मारायची."

ते मी घेऊन आले. यांनी ऐकलं आणि डोळे मोठे केले. "वा रे वा! म्हणे काढायचा. अगं, नवी वाट सुरू होतेय. सुरू करताना आधी कुणाचं टोक? त्यांचं. पोरासोरांनाही कळतं."

"अहो, पण तो दोर नाही, जिना आहे."

"माणसं पलीकडं न्यायची आहेत ना? मग तेच."

 परत गेले, परत आले. नाव तशी माणसं न्यायची आणि मी या दोघांची अक्कल न्यायचे. एकानं म्हणायचं काढणं, दुसऱ्यानं म्हणायचं लावणं. दोघेही रीतीला सोडून एक अक्षर बोलत नव्हते, आणि म्हणूनच माझं डोकं फिरायचं. नुसता हट्ट असता तर शिव्या तरी घातल्या असत्या.

डोक्यावर यंत्रं अहोरात्र घरघरत होती. भांड्यातलं पाणी थरथरायचं. आमच्या परसातला खांब रोज वाढत होता आणि त्याची सावली आधी गोठ्यावर, मग चुलीवर येऊन पडली. धुळीनं कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही. रात्री झोप लागली तरी दात आवळलेले असायचे, सकाळी जबडा दुखायचा.

मी आबांना विचारलं. म्हटलं, ज्यांनी जन्म या दोरावर काढला त्यांना विचारावं. त्यांचं बोलणं जड झालेलं, अर्ध्या तोंडातून यायचं, पण मला कळायचं.

"आबा, आधी कुणी मारायची रेघ?"

त्यांनी डोळे माझ्याकडं वळवले. मग म्हणाले, "ज्याला... घाई... त्यानं."

घाई कुणाला होती? दादाला नव्हती, यांना नव्हती. घाई होती ती मला.

म्हणून मग मीच मारली. सकाळी हे नावेवर गेले तेव्हा गोणी फोडली, घमेल्यात चुना घेतला आणि खांबापासून गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढली. हात भाजले, डोळ्यांत गेला, पण रेघ अशी पांढरीशुभ्र की लांबून दिसावी. नेमका तेव्हाच साहेब आला. खूश झाला. तेवढ्यात हे काठावरून वर आले.

"काका, बरं झालं, तुमची रेघ झाली," साहेब म्हणाला.

यांनी रेघेकडं पाहिलं, माझ्या पांढऱ्या हातांकडं पाहिलं. "मी नाही मारली."

"मग कुणी?"

"जागा माझ्या नावावर आहे. मी मारली नाही म्हणजे रेघ नाही."

साहेब माझ्याकडं बघायला लागला. बरोबर त्याची चार माणसं होती, तीही बघायला लागली. घमेलं तसंच हातात धरून मी उभी होते. एवढं आयुष्य या घरात घातलं, अंगणात एक रेघ मारायची पत नाही! एक जण हळूच हसला, ते मी ऐकलं. यांनी पण ऐकलं असणार, कारण त्यांचे कान लाल झाले. पण शब्द मागं घ्यायचा म्हणजे जीव गेल्यासारखं. पायानं त्यांनी रेघेवर माती ओढली. मला वाटलं ते घमेलं यांच्या डोक्यात घालावं.

साहेब आणखी दोनदा येऊन गेला. पलीकडेही गेला. दादानं त्याला चहा पाजला आणि तेच ऐकवलं. मग यंत्रं हलली. मोठ्या ट्रकवर बांधून नेली, पिवळ्या टोप्या गेल्या, साहेबही गेला. जाताना मला म्हणाला, "मावशी, मी प्रयत्न केला." त्याचा काय दोष? एका पावसाच्या सरीनं ओट्याजवळची चुन्याची गोणी भिजली आणि दगड होऊन बसली. ती मी लाथेनं उकिरड्यावर ढकलली. अंगठा सुजला तो वेगळाच.

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं. फरक इतकाच की इथं दोघांनीही नाकं कापली आणि वर पट्टी बांधत मी फिरत होते.

पूल सुरू झाला. काय ती वाहनं! घरात बसलं तरी डोक्यावरून कुणी पिंपं गडगडवत नेतंय असं वाटायचं. आठवड्याभरात बाजारची माणसं जीपनं जायला लागली. जीप गावातून माणसं उचलते, फाट्यावर चढते, पलीकडच्या फाट्यावर उतरते. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली की श्वास घ्यायला जागा नसते, पण लोकांना नवी हौस. नावेत उरले कोण? एखादी म्हातारी, एखादा शेळीवाला, आणि मी. हे सकाळपासून नावेत बसून राहायचे. तळहातांना जन्माचे घट्टे, ते नखांनी कोरत बसायचे. पुलाकडं मान वर करून बघायचे नाहीत.

एका दुपारी दादा मला म्हणाला, "सांग तुझ्या नवऱ्याला. मी फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकतोय. तुझी वहिनी चहाची किटली घेऊन बसणार. पूर चढायला लागला की दोर काढायचा तो कायमचा. परत लागणार नाही."

हातातला भाताचा घास तसाच राहिला. "आणि आबा?"

दादा जमिनीकडं बघायला लागला. "सकाळी सगळं करून जाऊ. संध्याकाळी येऊ."

"आणि मध्ये? कूस कोण बदलणार? पाणी कोण पाजणार? माशी बसली तर हाकलायला हात नाही त्यांना!"

वहिनी चुलीपाशी पदरानं डोळे पुसत होती. ती वाईट नाही. पोट आहे, काय करणार? दादाही वाईट नाही. त्याच्या दोराला आता कुणी विचारत नव्हतं.

आबा सगळं ऐकत होते. ऐकायला त्यांना काही झालेलं नव्हतं, तेच तर वाईट.

घरी आले. सरळ विचारलं, "आबांना आपल्याकडं आणायचं का?"

यांनी लगेच नाही म्हटलं नाही. घोट घोट चहा प्यायले. मग म्हणाले, "मी कुठं नको म्हणतोय? मामांशी माझं काही वैर नाही. पण त्यांचा मुलगा बसलाय ना तिथं. त्यानं म्हणावं, घेऊन जा. न विचारता मी माणूस उचलून आणू का?"

दुसऱ्या दिवशी दादाला विचारलं. दादा म्हणाला, "मी अडवतोय का? पण बापाला असा वाटेवर ठेवू? न्यायचं तर त्यांनी यावं, दारात उभं राहून विचारावं. आधी त्यांनी."

आधी त्यांनी! आधी त्यांनी! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी खाटेचा पाय धरून तशीच खाली बसले. रडू आलं नाही. 

मग पाणी चढलं. वर कुठं तरी पाऊस झाला असणार, कारण आमच्याकडं नुसतं मळभ होतं. सकाळी बघितलं तर नदी लाल झालेली, फेस धरलेली, झाडाच्या फांद्या वाहून येत होत्या. दोर गुंगुं वाजायला लागला. असा वाजला की काढायचा, नाहीतर एखादं खोड अडकलं तर खुंटा, रहाट, सगळं घेऊन जातं. हे रहाटापाशी उभे होते. ताण सोडायला हात घातला आणि काढून घेतला. पलीकडं दादा खुंट्याशी उभा दिसत होता, आधी आमचं टोक सुटायची वाट बघत. एकदा सुटला की परत लागणार नव्हता. ते यांनाही कळत होतं.

"सोडता का?" मी विचारलं.

"सोडावा तर लागणारच." पण हलले नाहीत.

मी घरात गेले. दोन लुगडी, तेलाची बाटली, आबांसाठी जुनी धोतरं फाडून केलेले तुकडे, असं गाठोडं बांधलं. शेळ्या शेजारणीच्या दावणीला नेऊन बांधल्या. बाहेर आले तेव्हा हे रहाटापासून वर, विडी पेटवायला वाऱ्याच्या आडोशाला गेले होते. मी नावेत उतरले, दावं सोडलं आणि दोर धरला.

"ए! कुठं निघालीस? ए बाई!"

मी मागं बघितलं नाही. दोरवाल्याची पोर मी, दोर ओढायला मला कुणी शिकवायला नको होतं. पण बाईच्या अंगात ताकद ती किती आणि तेही या वयात? मध्यावर धारेनं नाव अशी तिरकी केली की गुडघे फळीवर आपटले. हात सालपटले. एक फांदी नावेच्या पोटावर घासून गेली आणि मी मोठ्यानं आईचं नाव घेतलं. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त राग होता आणि रागानं हात चालत राहिले. पलीकडं दादा फळी टाकायची विसरून तोंड उघडून बघत होता.

"तू एकटी? आणि ते?"

"ते तिकडं. नाव इकडं. आता त्यांना सांगायचं असेल ते तूच ओरडून सांग." गाठोडं मी खडकावर फेकलं. "पूर उतरेपर्यंत मी आबांपाशी आहे. तुम्ही पंक्चर काढा नाहीतर विमानं उडवा."

यांचा आवाज पाण्यावरून येत होता, शब्द कळत नव्हते. काठावर इकडून तिकडं येरझाऱ्या चालल्या होत्या. नावाडी आणि नाव नाही, बायको नाही. मग दिसेनासे झाले. मी आबांची पाठ पुसली, तेल लावलं, भात भरवला. आबा काही विचारत नव्हते, पण त्यांचा डावा हात माझ्या पदराचं टोक धरून होता. दादा आत-बाहेर करत होता. त्याला दोर काढता येईना. रहाटाचं टोक आधी सुटल्याशिवाय खुंट्याला हात लावायचा नाही, आणि तिकडं सोडायला माणूस दिसत नव्हता. पाणी बोटाबोटानं वर येत होतं.

दिवस कलला तेव्हा अंगणाच्या फाटकापाशी हे उभे होते.

धुळीनं पांढरे झालेले. एक चप्पल पायात, एक हातात, तिचा अंगठा तुटलेला. तसल्या उकाड्यात पुलावरून, फाट्याला वळसा घालून चालत आलेले. जीप भरली नव्हती, थांबायला धीर नव्हता. फाटकाच्या आत पाऊल टाकलं तेव्हा शपथ मोडली, ते मी बघितलं, दादानंही बघितलं.  अंगणाच्या एका टोकाला दादा, एका टोकाला हे. मधून कोंबड्या फिरत होत्या. या वेळी मी ठरवलं होतं, कुणाचा शब्द कुणाकडं नेणार नाही. ओठ आवळून बसले.

शेवटी हे म्हणाले, "लांब आहे."

दादानं मान हलवली. "लांबच आहे."

"वरून ट्रक असे अंगावर येतात. कठड्याला चिकटून चालावं लागतं."

"पाणी घे," दादा म्हणाला. मग आपल्या पायातल्या चपला काढल्या आणि पायानंच यांच्याकडं सरकवल्या.

एवढंच. एवढ्याशा बोलण्यासाठी दोन जिने गेले! मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून दोघांनाही म्हटलं, "मेल्यांनो, हे तेव्हा बोलायला काय जिभा झडल्या होत्या? आता आबांना दिवसाचं पाणी पाजायला मी रोज तो वळसा घालू? बोला की!"

 हे खाटेपाशी गेले, आबांच्या पायांशी टेकले. "मामा," म्हणाले आणि त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. आबांनी त्यांच्याकडं पाहून तोंडाची एक बाजू हलवली.

दोर अजून वाजत होता. आता दोघं याच काठावर आणि आमच्या रहाटाचं टोक पलीकडं. दोघांनी नदीकडं बघितलं. एकट्याचं काम नव्हतं. नावेतून पलीकडं जायचं, एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं रहाटावरून टोक सोडून नावेला बांधून घ्यायचं आणि खुंट्याच्या जोरावर, धारेबरोबर झोका घेत याच काठाला परत यायचं. परत आल्यावर मग यांचं घर तिकडं आणि हे नावेसकट इकडं, पूर उतरेपर्यंत; नाहीतर पुन्हा तो वळसा. यांना ते माझ्याआधी कळलं होतं.

"शेळ्या?" यांनी मला विचारलं.

"शेजारणीकडं."

"मग ठीक आहे."

"खुंट्यावर कोण?" दादानं विचारलं.

"मी," म्हटलं. "लहानपणी काय भातुकली खेळत होते का मी तिथं?"

हे नावेत उतरले. दादा काठावर क्षणभर घुटमळला, मग त्यानंही पाय टाकला. नाव त्याच्या वजनानं हलली, तेव्हा यांनी हात पुढं केला आणि त्यानं तो धरला. मी खुंट्याशी जाऊन बसले. खाट पडवीच्या कडेलाच होती, खुंट्यापासून चार पावलांवर. वहिनीनं आबांना उशी लावून उंच केलं.

नाव मध्यावर गेली आणि ओरडा ऐकू यायला लागला. आधी मला वाटलं काही झालं. कान दिला. यांचा आवाज, मग दादाचा, मग दोघांचा एकदम. सगळी वर्षं मी जे इकडून तिकडं वाहिलं, ते आता दोघं एकमेकांच्या तोंडावर फेकत होते.

"कोण... ओरडतंय?" आबांनी विचारलं.

"भांडतायत, आबा."

"कशावरून?"

"जिन्यावरून. आधी कुणी रेघ मारायची होती त्यावरून."

"आता?"

"हो. आता. बैल गेला आणि झोपा केला."

आबा हसले की खोकले कळलं नाही. वहिनीनं त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

पलीकडं पोचल्यावर थोडा वेळ आवाज बंद झाला. रहाट सुटला तसा खुंट्याला असा हिसका बसला की माझे खांदे निखळतील असं वाटलं. पाय खडकात रोवले, दोन्ही हातांनी खुंट्यावरचा वेढा आवळून धरला. नाव धारेत वळली आणि झोका घेत आमच्याकडं यायला लागली. एक जण सुकाणूवर, एक जण दोरावर, दोघं भिजून चिंब आणि तोंडं चालूच. दादा म्हणत होता, तुझ्या बायकोनं मारलेली रेघ तू पुसलीस. हे म्हणत होते, तू तर गोणीसुद्धा फोडली नाहीस. दोघांचंही खरं होतं. मला त्यांना ओरडून गप्प करायचं होतं, पण माझे दोन्ही हात दोरावर होते, म्हणून मी त्यांना बोलू दिलं.